वेळापत्रकामागची रेषा

उन्हाळ्यात पाण्याचा टँकर पहाटे वारंगा फाट्यावर येऊन थांबतो, ड्रायव्हर चहाला उतरतो, आणि मागच्या नळातून ठिबक चालूच राहते. उभ्या टँकरखाली थेंबावर थेंब पडून एकच ओला डाग पसरत जातो. मग ग्लास खाली ठेवला जातो, गाडी पहिल्या गिअरमध्ये पडते आणि डांबरावर ठिपके उमटू लागतात. पहिले जवळजवळ चिकटलेले, मग वीतभर अंतरावर, मग हातभर, पुढे दोन-दोन पावलांवर. टँकर आखाडा बाळापूरच्या दिशेला दिसेनासा झाला तरी तो कसा गेला, कुठे थांबला, कुठे त्याने वेग धरला, हे सगळं रस्त्यावर लिहिलेलं असतं. ऊन चढलं की तेही पुसून जातं.

थेंब सारख्याच वेळाने पडत असतील, तर दोन थेंबांमधलं अंतर म्हणजे तेवढ्या वेळात गाडीने कापलेली वाट. ठिपके दाट तर गाडी सावकाश, विरळ तर वेगात, आणि अंतरं वाढत चालली तर त्वरण. भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्गात गतीची जी ठिपक्यांची आकृती काढून घेतात ती हीच. तिच्या शेजारी अंतर-काल आलेख येतो, मग वेग-काल आलेख. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात, ‘गतीचे नियम’मध्ये, हे सारं चार-पाच पानांत उरकतं. या चार-पाच पानांमागे काही शतकांची वाटचाल आहे आणि तिचा एक टप्पा हिंगोलीवरून जाणाऱ्या रेल्वेसारख्या एकेरी मार्गांवरचा आहे. मुलांना तो सांगितला जात नाही, याची मला खंत वाटते.

आधी आपल्याकडे काय होतं ते पाहू. आपल्याकडे गती कोष्टकात राहत होती.

शके १०३६, म्हणजे १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणि’ पुरा केला. चाळीसगावजवळच्या पाटणे इथला १२०७ सालचा शिलालेख सांगतो की त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला. हे चांगदेव देवगिरीच्या यादवांच्या दरबारातले ज्योतिषी होते. या ग्रंथाच्या ग्रहगणितात भास्कराचार्य एक प्रश्न हाताळतात: ग्रहाची गती म्हणजे नेमकी कोणती? आज सूर्योदयाला ग्रह कुठे होता आणि उद्या सूर्योदयाला कुठे असेल, यातला फरक ही दिवसाची गती. तिला ते स्थूल म्हणतात. चंद्र एखाद्या दिवशी बारा अंशांच्या आसपास चालतो, तर एखाद्या दिवशी पंधरांच्या आसपास. म्हणून तर तिथी लांबते, आखडते, कधी तिचा क्षय होतो. असल्या चंचल चंद्रासाठी दिवसाची सरासरी धरून तिथीचा शेवट काढला तर तो चुकणार. तिथे त्या क्षणाची गती हवी. तिला भास्कराचार्यांनी तात्कालिक गती म्हटलं, आणि ‘ज्या’, म्हणजे आजच्या भाषेत साइन, यांच्या कोष्टकातल्या फरकांवरून ती काढण्याची रीत दिली.

त्यांनी आणखी एक गोष्ट हेरली. ग्रहाचं मध्यम स्थानापासूनचं अंतर जिथे सर्वांत जास्त असतं, तिथे त्या अंतरात होणारी वाढ शून्य असते, आणि ग्रहाची खरी गती मध्यम गतीइतकी होते. आज अकरावीतला मुलगा हे वाक्य वाचून गोंधळेल. पण तेच कागदावर रेषा काढून दाखवलं, रेषा चढत जाते, माथ्यावर क्षणभर आडवी होते आणि उतरू लागते, तर तो लगेच म्हणेल, माथ्यावर चढ शून्यच असणार. भास्कराचार्यांनी हे रेषेशिवाय, आकड्यांच्या फरकांतून गाठलं. हे वाचताना दर वेळी मला त्यांच्या एकाग्रतेचं भय वाटतं. चोवीस ज्या, सव्वादोनशे-सव्वादोनशे कलांच्या अंतराने, आणि त्यांच्या फरकांतून चाललेला विचार. डोळ्यांना आधार देणारं चित्र कुठे नाही.

ही कोष्टकांची परंपरा टिकून राहिली. पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये मराठीत जे पुस्तक काढलं, त्याचं नावच ‘ग्रहसाधनाची कोष्टके’. त्यातले आकडे युरोपातल्या नव्या गणितावर बेतलेले होते, पण घर तेच, रकान्यांचं. पंचांग करणाऱ्याला रकाना पुरतो. विशिष्ट वेळी ग्रह कुठे आहे एवढंच त्याला हवं असतं.

रेषा दुसरीकडे जन्मली, आणि जन्मली तेव्हा तिला काही कामही नव्हतं. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातले पंडित १३३० च्या दशकात शब्दांनी एक वाद घालत होते: एखादी वस्तू थांबलेल्या अवस्थेतून सारख्या प्रमाणात वेग वाढवत गेली, तर ती किती वाट कापेल? उत्तर त्यांनी काढलं. शेवटच्या वेगाच्या निम्म्या वेगाने ती सगळा वेळ चालली असती तर जेवढी वाट झाली असती, तेवढीच. पुढे काही वर्षांनी पॅरिसमध्ये निकोल ओरेमने याचं चित्र काढलं. आडव्या रेषेवर वेळ मांडला, प्रत्येक क्षणावर त्या क्षणाच्या वेगाएवढी उभी रेघ. रेघांचे शेंडे जोडले की वेग सारखा असेल तर आयत होतो, सारखा वाढत असेल तर त्रिकोण. त्रिकोण अर्ध्या उंचीवर कापून वरचा तुकडा बाजूला बसवला की आयत तयार होतो. मर्टनचा सगळा वाद त्या एका कापणीत मिटतो. त्या आकृतीचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेली वाट.

साधारण याच काळात, १३५० मध्ये, नामदेव महाराजांनी समाधी घेतली. त्यांचं जन्मगाव म्हणून मानलं जाणारं नर्सी आज हिंगोली जिल्ह्यातच आहे. दोन्ही गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण वेग-काल आलेखाखालचं क्षेत्रफळ हा विचार किती जुना आहे, हे आपल्या ओळखीच्या तारखेने मनात चांगलं बसतं. नववीत समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ काढून गतीचं दुसरं समीकरण सिद्ध करतात, ते ओरेमचंच चित्र. सुरुवातीचा वेग शून्य नसेल तेव्हा त्रिकोणाखाली एक आयत जोडला जातो, एवढाच फरक.

ओरेमने मात्र काहीच मोजलं नव्हतं. मोजलं गॅलिलिओने. लाकडी उतारावर खाच कोरून तीत तो कांस्याची गोळी सोडत असे आणि बारीक नळीतून गळणारं पाणी तोलून वेळ काढत असे. त्याच्या १६३८ च्या ग्रंथात निकाल आहे: सारख्या वेळांच्या तुकड्यांत गोळीने कापलेली अंतरं १, ३, ५, ७ अशी विषम संख्यांच्या प्रमाणात वाढतात. टँकर सुटताना पहिला थेंब नेमका सुटण्याच्या क्षणी पडला आणि ड्रायव्हरने अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा दाबला असं धरलं, तर फाट्यावरच्या ठिपक्यांमधली अंतरं १, ३, ५, ७ होतील. खरा ड्रायव्हर गिअर बदलतो, तेव्हा तसं होत नाही, आणि ते कुठे बिघडलं हेही ठिपक्यांवरून कळतं.

एवढं झाल्यावरही गतीचा आलेख पंडितांच्या ग्रंथांतच राहिला. रोजच्या कामात तो आला तो आगगाडीमुळे.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला ३४ किलोमीटर गाडी धावली. तिला विशेष गणित लागलं नाही, कारण समोरून येणारी दुसरी गाडी नव्हती. गाड्या वाढल्या तसा प्रश्न उभा राहिला. वेळापत्रक हे कोष्टक आहे. गाडी किती वाजता कुठे पोहोचेल ते त्यात दिसतं, पण दोन गाड्या रुळांवर कुठे समोरासमोर येतील ते दिसत नाही. दुहेरी मार्गावर त्याने बिघडत नाही. एकेरी मार्गावर तो जिवाचा प्रश्न आहे.

फ्रान्समध्ये यासाठी एक मोठं चित्र वापरात आलं, ते इब्री नावाच्या अभियंत्याच्या नावाने ओळखलं जातं. आडवा वेळ, सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत. उभ्या बाजूला पॅरिसपासून ल्योंपर्यंतची स्थानकं, त्यांच्यातल्या खऱ्या अंतरांच्या प्रमाणात. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेषा. जाणाऱ्या गाड्या एका बाजूला कललेल्या, येणाऱ्या दुसऱ्या. जलद गाडीची रेषा उभट, मालगाडीची लोळती. स्थानकात गाडी थांबली की तेवढा वेळ रेषा आडवी. शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे याने आपल्या आलेख-पद्धतीवरच्या ग्रंथात हे चित्र छापलं आणि ते जगभर गेलं. उडत्या पक्ष्याची एकाच काचेवर ठरावीक वेळाने छायाचित्रं घेणारा मारे तोच. म्हणजे ठिपक्यांची आकृती आणि आलेख दोन्ही त्याच्या घरात एकत्र नांदत होते.

या चित्रासाठी आणखी एक गोष्ट लागते, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. आडव्या अक्षावर सगळ्या स्थानकांसाठी एकच घड्याळ लागतं. भारतात तेव्हा गावोगावची वेळ वेगळी. मुंबईची वेळ मद्रासच्या वेळेपेक्षा अर्धा तास मागे. रेल्वेने मद्रासची वेळ धरली, आणि १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशासाठी भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईकरांनी आपली ३९ मिनिटं मागची वेळ त्यानंतरही पुष्कळ वर्षं सोडली नाही. ज्या कागदावर गाड्यांच्या रेषा काढायच्या, त्याला असा हट्ट परवडत नाही.

आता आपल्या भागात येऊ. मनमाडहून परभणी, पूर्णा, नांदेडमार्गे सिकंदराबादला जाणारी मीटरगेज लाइन १९०० च्या आसपास सुरू झाली. निजामाच्या राज्यात हा प्रदेश होता, आणि गोदावरीच्या खोऱ्यातली ती लाइन हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे म्हणून ओळखली जाई. पूर्णेहून हिंगोलीपर्यंतचा सुमारे ५० मैलांचा फाटा त्यानंतर आला. हिंगोलीच्या पुढे वाशीम, अकोला, खंडवा हा दुवा स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या आसपास जोडला गेला, आणि मीनाक्षी एक्स्प्रेस हैदराबादहून या मार्गाने जयपूरपर्यंत धावू लागली. पूर्णा-अकोला मीटरगेजचं ब्रॉडगेज २००८ मध्ये झालं. त्याआधी ही लाइन जवळजवळ शतकभर हळू चालत राहिली.

एकेरी लाइनवरच्या प्रवाशाला एक वाक्य पाठ असतं: ‘क्रॉसिंग लागलंय.’ गाडी एखाद्या लहान स्टेशनात अर्धा तास उभी राहते. लोक उतरतात, नळावर पाणी पितात, वैतागतात. मग समोरून दुसरी गाडी धडधडत येते, निघून जाते, आणि आपली सुटते. प्रवाशाला हे नशिबाचं वाटतं. कंट्रोल ऑफिसात बसलेल्या सेक्शन कंट्रोलरच्या कागदावर ते सकाळीच काढलेलं असतं.

त्या कागदाकडे जवळून पाहू. बाजूला स्थानकांची नावं, प्रत्येक स्थानकातून कागदभर गेलेली एक बारीक आडवी रेघ, आणि त्या रेघांना कापणाऱ्या वेळेच्या उभ्या रेघा. स्टेशन मास्तर फोनवर सांगतो, अमुक गाडी अमुक वाजता सुटली. कंट्रोलर तिथे खूण करतो आणि गाडीची रेषा पुढे ओढतो. एक्स्प्रेस, पॅसेंजर, मालगाडी यांना वेगवेगळे रंग. समोरून येणाऱ्या गाडीची रेषा उलट्या कलाने येते. दोन रेषा कुठेतरी एकमेकींना छेदणारच. एकेरी मार्गाचा सगळा नियम या छेदनबिंदूत साठवलेला आहे: तो बिंदू कुठल्या तरी स्थानकाच्या आडव्या रेघेवरच पडला पाहिजे. दोन रेघांच्या मधल्या कोऱ्या जागेत पडला, तर दोन गाड्या एकाच रुळावर समोरासमोर आल्या असा त्याचा अर्थ. म्हणून कंट्रोलर एका गाडीची रेषा स्थानकाच्या रेघेवर आडवी करतो, म्हणजे तिला थांबवतो, आणि दुसरीला तिथपर्यंत येऊ देतो. एखादी गाडी उशिरा धावू लागली की खोडरबर निघतं, आणि छेदनबिंदू एका स्थानकावरून उचलून दुसऱ्यावर नेला जातो. आता हा कागद संगणकाच्या पडद्यावर आलेला आहे. रेषा तीच आहे.

कागदावरचा हा नियम रुळावर पाळायला देशभरातल्या एकेरी मार्गांवर पुष्कळ काळ नीलच्या यंत्रातला लोखंडी गोळा असे. दोन स्थानकांच्या यंत्रांतून मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर येई. तो गोळा कडीत अडकवून ड्रायव्हरच्या हाती दिल्याशिवाय गाडी पुढच्या टप्प्यात जात नसे. मुलांना शाळेत जो अंतर-काल आलेख शिकवतात, त्याच्या छेदनबिंदूवर माणसांचे जीव असे टांगलेले होते. धड्यात हे दोन ओळींत आलं तर मुलं तो धडा वेगळ्या डोळ्यांनी वाचतील, याबद्दल मला शंका नाही.

शिकताना मुलं नेमकी याच बिंदूपाशी चुकतात. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ट्रोब्रिज आणि मॅकडरमॉट यांनी १९८० मध्ये दाखवून दिलं की दोन चेंडू शेजारी-शेजारी आले की कितीतरी विद्यार्थी म्हणतात, आता दोघांचा वेग सारखा झाला. पुढे १९८७ मध्ये मॅकडरमॉट आणि सहकाऱ्यांनी आलेख वाचतानाच्या अडचणींचा अभ्यास केला. रेषेची उंची आणि रेषेचा चढ यांत मुलं गल्लत करतात, आणि आलेखाला नकाशा समजतात. क्रॉसिंगला उभ्या असलेल्या गाडीतून हे उलगडून सांगता येतं. धडधडत जाणारी एक्स्प्रेस आणि आपली उभी पॅसेंजर एका क्षणी एकाच जागी असतात. रेषा छेदतात. वेग मात्र एकीचा शून्य आणि दुसरीचा ताशी साठ-सत्तर किलोमीटर.

आलेखाला नकाशा समजण्याची चूक मोडायला वारंगा फाट्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. नांदेडहून अर्धापूरमार्गे येणारा रस्ता इथे फुटतो. एक हिंगोलीकडे जातो, दुसरा उमरखेड, महागाव, यवतमाळकडे. मुलांना सांगा, नांदेडहून सुटलेल्या दोन एस.टी.चा अंतर-काल आलेख काढा, एक हिंगोलीची, एक उमरखेडची. फाट्यापाशी आल्यावर बरीच मुलं एक रेषा डावीकडे आणि एक उजवीकडे वळवतात. पण उभ्या अक्षावर नांदेडपासून कापलेलं अंतर आहे. दोन्ही गाड्या सारख्याच वेगाने चालत राहिल्या, तर फाट्यानंतरही दोन्ही रेषा एकाच चढाने वर जातात. वळण आलेखात येतच नाही. आणि रेषा डावीकडे वळवली, तर गाडी काळात मागे गेली असं होईल.

मीनाक्षी एक्स्प्रेसच्या जुन्या मार्गावर, अकोल्याच्या पुढे मेळघाटात, धूळघाटचं वेटोळं होतं. डोंगर चढायला रूळ गोल फिरून स्वतःवरूनच जात असत. नकाशावर तिथे रेषा स्वतःला कापत असे. त्याच गाडीची कंट्रोलरच्या कागदावरची रेषा तिथून स्वतःला एकदाही न कापता तिरकी निघून जात असे.

आलेख नसलेल्या काळातही लोकांना गती कळत होती, यात शंका नाही. फाट्यावर खिचडी खात बसलेल्या माणसाला कुठली गाडी किती उशिरा येणार याचा अंदाज असतोच. रेषेने वेगळी गोष्ट दिली. अनेक गाड्यांचा अख्खा दिवस एका नजरेत आला, आणि अजून न घडलेली टक्कर आधी दिसू लागली.

एखाद्या शिक्षकाने हे वर्गाबाहेर करून पाहायचं ठरवलं तर सामान फारसं लागत नाही. नळ गळणारा टँकर फाट्यावर उन्हाळ्यात मिळतोच. टँकर उभा असतानाच थेंब किती वेळाने पडतात ते घड्याळावर मोजून घ्यायचं: एका थेंबापासून पुढचे वीस थेंब पडायला लागलेला वेळ, भागिले वीस. टँकर गेला की मुलांनी रस्त्याच्या कडेने चालत मागच्या मागे ठिपक्यांमधली अंतरं मोजायची, मोजपट्टी नसेल तर पावलांनी. आधी वहीत कोष्टक, मग आलेख कागदावर बिंदू, मग बिंदूंतून जाणारी रेषा. टँकर थांबला होता तिथे रेषा आडवी, सुटला तिथून वाकत वर. ड्रायव्हरने गिअर कुठे बदलला तेही वाकणीत सापडतं. हायवेवर वाहनं फार असतात, म्हणून मोजणी टँकर ज्या आतल्या रस्त्याने गावाकडे वळतो तिथे करावी, आणि सकाळी नऊच्या आत, कारण त्यानंतर डांबर तापतं आणि ठिपके राहत नाहीत.